उन्हाळी परसबाग: आधी पाणी मोजा, मग वाफे आखा

पावसाळ्यात लावलेली परसबाग संक्रांतीपर्यंत बरी चालते. मार्चअखेर वाफे सुकू लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे बाजारात भाजी महाग आणि शेतात पाणी कमी अशा वेळी, बहुतेक घरांतील परसबाग बंद पडलेली असते. कारण बहुधा एकच असते. पावसाळ्यात जेवढे क्षेत्र होते तेवढेच उन्हाळ्यात लावले जाते. मग पाणी पुरत नाही आणि ते भरण्याचे ओझे घरातील बाईवर येते. म्हणून उन्हाळी परसबागेचे क्षेत्र जागा किती आहे यावर ठरवू नका. मे महिन्यात घरात रोज किती पाणी उरेल, यावर ठरवा.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात मे महिन्यात वाढलेल्या भाजीपाल्याला आच्छादन असेल तर प्रति चौरस मीटर रोज साधारण ५ ते ६ लिटर पाणी लागते. आच्छादन नसेल तर ७ ते ८ लिटर. कोकणात हवा दमट असल्याने गरज थोडी कमी असते. या हिशेबाने एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर बागेला रोज ६०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम पाणी हवे. टंचाईच्या गावात हे शक्य नाही.

आता घरातील पाणी पाहा. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी ५५ लिटरचे आहे. पाच माणसांच्या घरात आंघोळीचे सुमारे ९० लिटर, भांड्यांचे १०-१५ लिटर आणि तांदूळ-डाळ-भाजी धुतल्याचे १५-२० लिटर असे मिळून १२० लिटरच्या आसपास पाणी पुन्हा वापरता येते. १२० भागिले ६ म्हणजे २० चौरस मीटर. हीच तुमची उन्हाळी परसबाग. हा आकडा नमुन्यादाखल आहे. तुम्ही तीन दिवस स्वतःच्या घरातील बादल्या मोजा आणि त्यावरून क्षेत्र काढा.

सांडपाणी कोठे द्यावे, कोठे देऊ नये

- तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी पालेभाज्यांना द्यावे. तीन चौरस मीटर पालेभाज्यांना ते पुरते.
- आंघोळीचे व भांड्यांचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून वेलवर्गीय भाज्या, भेंडी, गवार, वांगी यांच्या बुंध्याशी द्यावे. पानांवर किंवा फळांवर ओतू नये.
- कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, काकडी यांना हे पाणी देऊ नये.
- कपडे धुतलेले पाणी बागेत घेऊ नये. धुण्याच्या पावडरमधील सोडियममुळे भारी काळी जमीन चोपण होत जाते. हे पाणी शोषखड्ड्यात सोडावे.
- सांडपाणी एक दिवसापेक्षा जास्त साठवू नये. वास सुटतो, डास होतात.
- आठवड्यातून एकदा शक्य असेल तर साधे पाणी द्यावे.

मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ किंवा केळ लावण्याची आपल्याकडील जुनी पद्धत चांगलीच आहे. ती मोडू नका.

लागवडीच्या तारखा पाळा

मुळे खोल गेल्यावर पीक ऊन सोसते. म्हणून एप्रिल लागण्यापूर्वी रोप वाढलेले असले पाहिजे. दुसरे कारण फळधारणेचे आहे. कडक उन्हात वेलवर्गीय भाज्यांना नर फुले जास्त व मादी फुले कमी येतात, तर टोमॅटोची फुले पारा ३५ अंशांवर गेला की गळू लागतात. उशिरा लावलेला वेल हिरवागार दिसतो, पण फळ देत नाही.

- जानेवारीचा दुसरा पंधरवडा: दोडका, कारली, दुधी भोपळा यांचे बी २४ तास भिजवून पिशव्यांत लावावे. थंडीत उगवण रखडते, म्हणून पिशव्या रात्री भिंतीच्या आडोशाला किंवा गोणपाटाखाली ठेवाव्यात. वांगी, मिरचीची तयार रोपे मिळाल्यास याच काळात लावावीत.
- फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा: दोन-तीन खरी पाने आलेली वेलांची रोपे खड्ड्यांत लावावीत. भेंडी, गवार, चवळी पेरावी. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे.
- मार्च: पालक, राजगिरा, माठ दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावे. दहा मार्चनंतर नवीन फळभाजी लावू नये.
- एप्रिल-मे: तोडणी, आच्छादन व पाणी एवढेच काम. नवीन पेरणी करायचीच तर माठ, राजगिरा, अंबाडी.

मेथी व कोथिंबीर उन्हाळ्यात लवकर फुलावर येतात. हवीच असतील तर मंडपाच्या सावलीत थोडीशी करावीत.

२० चौरस मीटरची मांडणी (वाटा सोडून)

- पश्चिमेला मंडप, ६ चौ.मी.: दीड मीटर अंतरावर तीन खड्डे. दोडका, कारली, दुधी प्रत्येकी एक खड्डा, दोन वेल. मंडप पश्चिमेलाच हवा, कारण दुपारनंतरचे ऊन तो अडवतो आणि त्याच्या पूर्वेकडील वाफ्यांना सावली मिळते.
- मंडपालगत पालेभाज्या, ३ चौ.मी.
- भेंडी, ४ चौ.मी.: ४५ × १५ सें.मी. अंतरावर साधारण ६० झाडे. परभणी क्रांती किंवा फुले उत्कर्षा.
- गवार, ३ चौ.मी.: ४५ × १५ सें.मी. पुसा नवबहार.
- चवळी, २ चौ.मी.: ३० × १५ सें.मी. कोकण सदाबहार.
- वांगी दोन झाडे, मिरची चार झाडे, २ चौ.मी.

पुढील वर्षी स्वतःचे बी ठेवायचे असेल तर संकरित बियाणे घेऊ नये. वरील वाण सुधारित असल्याने त्यांचे बी धरता येते.

वाफे व खत

पावसाळ्यात गादीवाफा, उन्हाळ्यात खोलगट वाफा. गादीवाफा उन्हाळ्यात चारही बाजूंनी वाळतो. जमिनीच्या पातळीपेक्षा चार बोटे खाली वाफा केला की पाणी मुळाशीच राहते. प्रति चौरस मीटर २ ते ३ किलो आणि वेलाच्या प्रत्येक खड्ड्यात ३ ते ४ किलो शेणखत मिसळावे. खत पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणखताने हुमणी व वाळवी येते.

पाणी वाचवणाऱ्या तीन गोष्टी

१. आच्छादन: उसाचे पाचट, गव्हाचे काड, भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा दोन ते तीन इंच जाड पसरावा. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी.

२. माठ: वेलांच्या खड्ड्यात जुना, न गळणारा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा. झाकण ठेवावे. झिरपणारे पाणी थेट मुळांना मिळते. माठात साधे पाणीच भरावे, साबणाच्या पाण्याने छिद्रे बुजतात.

३. सावली: पालेभाज्यांवर एप्रिलपासून चार काठ्यांवर जुनी सुती साडी बांधावी.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर द्यावे. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. सकाळीही पाने मलूल असतील तरच पाणी कमी पडते आहे असे समजा.

परागीकरण व कीड

वेल थोडे असल्याने मधमाश्या कमी येतात. दोडका व दुधीची फुले संध्याकाळी, कारल्याची सकाळी उमलतात. त्या वेळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलके फिरवावे. मादी फुलाखाली छोटे फळ दिसते, त्यावरून ओळखावे.

- तांबडे भुंगेरे: सकाळी सुस्त असतात, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.
- फळमाशी: मंडपात क्यू ल्यूरचा एक सापळा लावावा. किडकी फळे खोल पुरावीत.
- भेंडीचा हळद्या: शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसताच उपटावे. रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून पिवळे चिकट सापळे लावावेत.
- मावा, तुडतुडे: ५ टक्के निंबोळी अर्क. २५० ग्रॅम निंबोळी पावडर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, एकूण ५ लिटर करून संध्याकाळी फवारावी.
- वेलांवर उन्हात गंधक फवारू नये, पाने करपतात.

शेतातील कापूस-सोयाबीनसाठी आणलेले कीटकनाशक परसबागेत वापरू नका. येथील भाजी त्याच दिवशी ताटात जाते.

तोडणी

भेंडी ४५ ते ५० दिवसांनी सुरू होते. एक दिवसाआड तोडावी. निबर शेंगा झाडावर राहिल्या की पुढची फुले कमी होतात. दोडका व दुधी दोन महिन्यांत, पालक महिनाभरात मिळतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारानुसार एका माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात. वीस चौरस मीटरमधून पाच माणसांची ही सगळी गरज भागणार नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत रोज एक वेळची ताजी भाजी मिळू शकते, आणि तीही जास्तीची एक घागर न आणता.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

'उमेद' गटांतील किंवा अंगणवाडीच्या पोषण परसबागांना जानेवारीत भेट द्या आणि प्रत्येक घरी बादल्या मोजून वाफे कमी करून घ्या. ज्या घरी रोज ३० लिटरच पाणी उरते, तेथे पाच चौरस मीटर जागेत एक दोडका, थोडी गवार आणि राजगिरा एवढेच सुचवा. बियाण्याची तीच ती दहा-बारा पाकिटे प्रत्येक घराला देऊ नका. लागवड किती झाली यापेक्षा पंधरा मे रोजी किती वाफे हिरवे आहेत, याची नोंद ठेवा.