साहेबाचे मराठी आणि पातूरचे वावर

पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला पहिली ठेच लागते ती भाषेची. आपली माणसे बाहेर जातात, त्यांच्या गोष्टी आपण ऐकतोच. आज उलटी गोष्ट सांगतो. आपल्या वऱ्हाडात नोकरीला आलेल्या इंग्रजाची.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. मराठी शिकण्याची साधने तेव्हा तयार होती. १८०५ साली विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपुरी मराठीचे व्याकरण छापले होते, आणि त्याला नित्याच्या व्यवहारातले संवादही जोडले होते. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची.

पण पुस्तक घेऊन साहेब पातूरला आला म्हणजे? अकोल्याहून वाशीमकडे जाताना घाटाच्या पायथ्याशी हे गाव. इथे डोंगरात कोरलेली लेणी आहेत आणि शेख बाबूंचा दर्गाही. त्यावरूनच गावाला 'पातूर शेख बाबू' म्हणत. बाजारात मराठी आणि दखनी शेजारी शेजारी. शिवाय मराठी तरी कोणते? 'मला' नाही, 'मले'. 'जात आहे' नाही, 'जाऊन रायलो'!

बरे, एक बोली अंगवळणी पडावी तो बदली. १८६७ मध्ये पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर झालेले आल्फ्रेड लायल यांची पहिली नोकरी उत्तरेत, बुलंदशहराकडची. पुढे मध्यप्रांत, मग वऱ्हाड.

हा नुसता गमतीचा भाग नव्हे. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबईच्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली. जमिनीची प्रत आण्यांत ठरे, प्रतीवरून सारा ठरे, आणि तो एकदा बसला की तीस वर्षे हलत नसे. कुणबी म्हणाला, "साहेब, माहं वावर बरड हाये", तर ते साहेबापर्यंत कोण पोचवणार? पटवारी नाहीतर कारकून. मधल्या माणसाने चूक केली, किंवा मुद्दाम फिरवून सांगितले, तर भुर्दंड कुणब्याला. साहेबाचा पगार चालूच!

म्हणून ज्याच्या हाती कलम, त्याने भाषा शिकण्याचे कष्ट अधिक घ्यावेत. आणि आज दुबईला किंवा जर्मनीला निघालेल्या आपल्या तरुणाची अवस्था त्या साहेबासारखी नाही, कुणब्यासारखी आहे. तिथे कागद दुसऱ्याच्या हातात असतो. तेव्हा त्याने पगार, रजा आणि करार यांचे शब्द आधी शिकावेत. नमस्कार-चमत्कार मागाहून येतात. आणि दुभाष्याने सांगितलेले कागदावर पाहिल्याशिवाय सही करू नये.