संरचनात्मक अर्थमितीय प्रतिमान
आकड्यांच्या सहसंबंधावर न थांबता, माणसे निर्णय कसे घेतात याची समीकरणे मांडून धोरणाचा परिणाम जोखणारी पद्धत. धोरण बदलले की वागणूकही बदलते, हा रॉबर्ट ल्यूकस यांचा 1976 मधील आक्षेप तिच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रातील उंब्रजच्या ऊसपट्ट्याला जवळचे उदाहरण साखर कारखान्यांचे. सहकारी कारखान्यात लहानमोठ्या सभासदांना टनामागे दर एकच. मग बड्यांचा फायदा कशात? बॅनर्जी, मुखर्जी, मुन्शी व रे यांनी 2001 मध्ये सिद्धांत मांडला: बडे सभासद दर दाबून कारखान्यात राहिलेला पैसा स्वतःकडे वळवतात, म्हणून जमीनधारणेतील विषमता वाढली की दर व गाळपक्षमता दोन्ही घटतात. महाराष्ट्रातील सुमारे शंभर कारखान्यांच्या 1971–93 च्या आकडेवारीने त्यास दुजोरा दिला. काटेकोर अर्थाने हा अभ्यास संरचनात्मक नव्हे: त्यात सिद्धांताचे भाकीत आकड्यांवर तपासले, निर्णयांची समीकरणे थेट अजमावली नाहीत. पण एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) वाढवल्यास कोण किती ऊस लावेल, हे आधी अजमावायचे तर अशीच वर्तनाची समीकरणे लागतात.