तारामतीपासून आर्चीपर्यंत

बचत गटाची बैठक संपली, हप्ते भरून झाले, वहीत सह्या झाल्या, की मग आपल्या खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणी मालिकेचं सांगते, कुणी मोबाईलवर पाहिलेल्या सिनेमाचं. आज त्याच गप्पांचा इतिहास सांगणार आहे. पडद्यावर बाई कशी आली आणि आली तेव्हा काय बोलली, याचा.

आपल्या देशातला पहिला मोठा सिनेमा ‘राजा हरिश्चंद्र’. दादासाहेब फाळक्यांनी तो 1913 साली मुंबईत दाखवला. त्यात तारामतीचं काम कुणी केलं असेल? अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं. सिनेमात काम करायला बाईच मिळेना. पुढं 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही केली.

पण बाई तिथं नव्हतीच असं समजू नका. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पडद्यामागं राबत होत्या. फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, शिवाय घरात उतरलेल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायचा. पैसा कमी पडला तेव्हा त्यांचे दागिनेही कामी आले. शेतात आपण राबतो आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असतं, तशातलीच ही गत.

1913 सालीच ‘मोहिनी भस्मासुर’ या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, अशा मायलेकी पडद्यावर आल्या. फाळक्यांची लेक मंदाकिनी 1919 साली ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली. आणि 1932 मध्ये प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. तीच तारामती, पण एकोणीस वर्षांनी ती बाईच्या तोंडून बोलली.

आता बाई पडद्यावर आली, बोलायलाही लागली. पण बोलली काय?

1937 साली प्रभातचाच ‘कुंकू’ आला. व्ही. शांताराम यांनी काढलेला. त्यातल्या नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतात. नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती तोंडावर सांगते आणि शेवटपर्यंत त्यावर ठाम राहते. शांता आपटे यांनी ते काम केलं. विचार करा, तेव्हा आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता. आपल्या आज्या, पणज्या पाळण्यात किंवा मांडवात होत्या. त्या काळात एक पोरगी पडद्यावरून ‘नाही’ म्हणत होती.

मग वाटतं, पुढं सगळं सरळच झालं असेल. तसं झालं नाही. 1991 साली ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबल यांची लक्ष्मी आणि उषा नाडकर्णींची सासू आपल्यातल्या थोरल्या बायकांना अजून आठवते. गावोगावच्या बायका बैलगाड्या, ट्रॅक्टर करून थेटरात गेल्या आणि पदर भिजवून परत आल्या. शिकलेली माणसं नावं ठेवतात, की सोसणाऱ्या बाईचं कौतुक कशाला? त्यांचं म्हणणं खोटं नाही. सोसणं म्हणजेच चांगुलपणा, हे त्या सिनेमानं आपल्या मनात आणखी पक्कं केलं. पण मला दुसरी बाजूही दिसते. घरात रडलं तर ‘काय झालं’ म्हणून दहा जण विचारणार. थेटरातल्या अंधारात कुणी विचारत नव्हतं. लक्ष्मीच्या निमित्तानं किती जणींनी स्वतःचं रडून घेतलं असेल.

29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ आला. तो तर आपल्या शेजारचाच. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, शाळेत शिकणारी पोर. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मनातलं बोलते. गाण्यांवर आपली लेकरं वरातीत नाचली. पण शेवट आठवतो ना? ते छोटं लेकरू आणि त्याची ती पावलं.

तो शेवट पाहून दोन प्रकारची माणसं बाहेर पडली. काही म्हणाले, जातीपायी पोटच्या पोरीचा जीव घेणारी इज्जत काय कामाची? आणि काही म्हणाले, बघा, पोरीला मोकळं सोडलं की असं होतं, लवकर उजवून टाका. सिनेमा एकच, धडे दोन. म्हणून म्हणते, नुसतं पाहून भागत नाही, पाहिल्यावर बोलावं लागतं. आपल्या भागात ऊसतोडीला जाताना ‘पोरीला मागं कुणाजवळ ठेवायचं’ म्हणून अठराच्या आत लग्नं लागतात, हे आपल्याला माहीत आहे. नीरानं 1937 ला जे विचारलं, ते अजून विचारावं लागतं.

30 जून 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ आला, तेव्हा बायका नऊवारी नेसून, घोळक्यानं थेटरात गेल्या. सहा बहिणी, मंगळागौर आणि मनात साठलेल्या अढ्या. त्यात कुणी राजा नव्हता, कुणी खलनायक नव्हता. आपल्याच वयाच्या, गुडघे दुखणाऱ्या बाया होत्या.

पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. जमिनीवर मांडी घालून, लेकरू मांडीवर घेऊन बाया एकत्र बघायच्या आणि घरी येईपर्यंत वाटेनं त्यावर बोलायच्या. आता मोबाईलवर जी ती एकटी बघते. बघणं सोपं झालं, बोलणं मात्र राहून गेलं.

तर पुढच्या बैठकीत एक करा. ‘कुंकू’ नाहीतर ‘सैराट’ सगळ्या मिळून बघा. आपल्या वयात आलेल्या लेकींनाही जवळ बसवा. संपल्यावर त्यांना एकच विचारा, ‘तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?’ आणि मग मध्ये न बोलता ऐका. पोर जे सांगेल, ते कदाचित तिनं घरात आजवर कुणालाच सांगितलेलं नसेल.