मुनशी लुत्फुल्ला आणि साहेबाची बोली

विश्रांतवाडीहून आळंदीच्या रस्त्याला लागले की दिघीच्या बाजूला ‘मॅगझीन’ नावाचा चौक लागतो. बसचा कंडक्टर ते नाव अस्सल मराठी गावाचे असावे अशा थाटात पुकारतो. ज्येष्ठात माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्यात येते आणि वारकरीही ‘म्यागझिन आलं’ असेच म्हणतात. आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो की इंग्रजांनी दारूगोळा ठेवला आणि जाताना शब्द टाकून गेले. पुढे कळले की हा शब्द मुळात अरबी आहे. मखजन म्हणजे कोठार, त्याचे अनेकवचन मखाजिन. अरबांकडून तो युरोपात गेला आणि गोऱ्या पलटणीच्या पाठीवर बसून खडकी-दिघीच्या माळावर आला. आमचाच पाहुणा, विलायतेचा फेरफटका मारून आलेला.

हे आठवण्याचे कारण आमच्या शेजारचा एक मुलगा. वर्षापूर्वी तो नोकरीसाठी ब्रॅडफर्डला गेला. शाळेपासून इंग्रजी माध्यम, परीक्षेत उत्तम गुण. पण पहिल्याच आठवड्यात त्याने फोनवर तक्रार केली की इथले इंग्रजी आपण शिकलो ते नाही. ऑफिसात रोज सकाळी एक गोरे गृहस्थ ‘ऑलराइट?’ विचारत. याला वाटे आपला चेहरा आजारी दिसतो. एके दिवशी त्याने सर्दी, झोप, पाठदुखी सगळे सविस्तर सांगितले. गृहस्थ घड्याळ पाहत उभे राहिले. दुसऱ्या एकाने ‘टी’ला बोलावले. हा जेवून गेला, तर टेबलावर पूर्ण जेवण मांडलेले. इंग्लंडच्या उत्तरेकडे संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात हे त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते. तिसऱ्याने ‘या एकदा घरी’ म्हटले, हा तारीख विचारू लागला. आता ‘या एकदा घरी’चा अर्थ पुण्यात वाढलेल्या मुलाला कळू नये याचे आम्हाला नवल वाटले! पण ते मराठीत कळते, इंग्रजीत कळत नाही.

त्याची तक्रार ऐकताना आम्हाला मुनशी लुत्फुल्ला आठवले. १८०२ साली माळव्यात धारला, म्हणजे पवारांच्या मराठी राज्यात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती ओढग्रस्तीची, लहानपणीच भटकंती. एकदा तर ठगाच्या संगतीत सापडले आणि सुटले. पुढे कंपनी सरकारच्या नव्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणे हा त्यांचा पेशा झाला. फारसी, अरबी, हिंदुस्तानी आणि मराठीसुद्धा. मराठी आणि मुसलमान हे शब्द शेजारी आले की आजही ज्यांच्या भुवया उंचावतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. साहेबाला मराठी शिकवणाऱ्यांत एक मुसलमान मुनशीही होता.

शिकवता शिकवता मुनशी स्वतः इंग्रजी शिकले, आणि त्यांची रीत मजेदार होती. गिलख्रिस्ट साहेबाने व्याकरणाची पुस्तके लिहिली ती गोऱ्यांना हिंदुस्तानी यावी म्हणून. लुत्फुल्लांनी तीच उलट बाजूने वाचली. आठ वर्षे रोज रात्री दहा शब्द पाठ केल्याशिवाय आपण झोपलो नाही, असे ते आत्मचरित्रात सांगतात. हिशेब केला तर एकोणतीस हजारांवर शब्द होतात. मुनशीजींनी थोडे वाढवून सांगितले असेल, पण चिकाटी खरी. शब्दांखेरीज साहेबाच्या सवयीही त्यांनी पाहिल्या, कारण रोज समोर बसून शिकवायचे तर शागिर्दाचा स्वभाव उस्तादाला ओळखावाच लागतो.

ही विद्या १८४४ साली कामाला आली. सुरतेचे शेवटचे नवाब १८४२ मध्ये वारले. कंपनीने गादीही संपवली आणि घराण्याचा तनखाही बंद केला. दाद मागण्यासाठी नवाबांचे जावई मीर जाफर अली खान लंडनला निघाले आणि दुभाषी म्हणून त्यांनी लुत्फुल्लांना बरोबर घेतले. तिथे मुनशींनी डोळे उघडे ठेवून सगळे पाहिले. कायद्यापुढे वाकणारी माणसे त्यांना आवडली, देशाभिमान आवडला. ऑपेरात तोकड्या कपड्यांतल्या नर्तकी पाहून ते गोंधळले. बायकांपुढे इंग्रज पुरुष फार नमते घेतो, त्यांना फार मोकळीक देतो, असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिले. हे मत आम्हाला पटत नाही. पुढे चाळीसेक वर्षांनी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई त्याच देशात गेल्या आणि ‘इंग्लंडचा प्रवास’ लिहून गेल्या. स्त्रीच्या डोळ्यांनी पाहिलेले इंग्लंड हवे असेल त्यांनी ते वाचावे. पण मुनशींच्या मतापेक्षा आम्हाला त्यांची बसण्याची जागा महत्त्वाची वाटते. तोवर साहेब आमच्या चालीरीती लिहून ठेवत होता. इथे आमचा माणूस साहेबाच्या चालीरीती लिहून ठेवतो, आणि तेही त्याच्याच इंग्रजीत.

मात्र इतके समजून मिळाले काय? त्या फेरीत सुरतकरांचा प्रश्न सुटला नाही. तो पार्लमेंटात पोचायला १८५६ उजाडले.

साताऱ्याची कथा याहून कडू आहे. छत्रपती प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची बाजू मांडायला वकील लंडनला गेले. त्यांत यशवंतराव राजेशिर्के होते, भगवंतराव विठ्ठल होते आणि मीर अफझल अलीही होते. मराठी राजाचा वकील मुसलमान, याचे तेव्हा कोणाला आश्चर्य वाटले नाही; आज आम्हाला ते मुद्दाम सांगावे लागते. मागून गेलेले रंगो बापूजी गुप्ते तिथेच ठाण मांडून बसले. अर्ज, सभा, छापील पत्रके, भागधारकांपुढे भाषणे असा चौदा वर्षांचा धडाका. इंग्रजी शिकले, इंग्रज मित्रही मिळाले. त्यांच्या डोळ्यांदेखत १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. साहेब ‘विचार करू’ म्हणतो तेव्हा त्याने विचार आधीच केलेला असतो, हा अर्थ त्यांना फार महाग पडला. १८५३ च्या अखेरीस ते परत निघाले.

मग १८५७ आले. त्या एकाच वर्षात लंडनला ईस्टविकने लुत्फुल्लांचे आत्मचरित्र छापून काढले आणि मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी साताऱ्यात बंडाचा कट उघडकीस आला. रंगो बापूजींच्या मुलाला फाशी झाली. ते स्वतः निसटले ते कायमचे. त्यांचा ठावठिकाणा सरकारला कधी लागला नाही. साहेबाची भाषा चौदा वर्षे बोलून पाहिलेल्या माणसाने शेवटी ती बोलणे सोडले.

खडकीच्या लढाईला, म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७ ला, तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. पुढे खडकीत आणि आमच्या बाजूच्या माळावर गोऱ्यांच्या बराकी वाढल्या आणि देवाणघेवाण उलटही चालली. गोऱ्या शिपायाने आमची चिठ्ठी नेली आणि ‘चिट’ केली. खाक नेऊन ‘खाकी’ केली. ‘जरा देखो’चे ‘डेको’ झाले. गणवेश काढून साधे कपडे घातले की तो ‘मुफ्ती’त असे, फतवा देणाऱ्या मुफ्तीसाहेबांचा याच्याशी काय संबंध, हे त्यालाच ठाऊक. आणि स्वतःच्या मायभूमीला तो म्हणू लागला ‘ब्लायटी’. हा शब्द म्हणजे आमचा ‘विलायती’. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत पडलेला इंग्रज पोरगा घरच्या आठवणीने रडला तो आमच्या शब्दात.

हे आम्ही त्या ब्रॅडफर्डच्या मुलाला फोनवर सांगितले. तो हसला. म्हणाला, ‘चाचा, आता मला जमतं. कुणी ऑलराइट म्हटलं की मीही ऑलराइट म्हणतो आणि चालू लागतो.’

इतक्यात त्याच्या अम्मीने फोन ओढून घेतला आणि विचारले, ‘जेवलास का?’ आणि त्याने डाळीपासून सुरुवात करून सगळे सांगितले.