काँक्रीट : मिश्रण, ओतकाम व क्युरिंग (हिंगोली जिल्हा)
सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांचे कालांतराने दगडासारखे घट्ट होणारे मिश्रण. हिंगोली जिल्हा (स्थापना १ मे १९९९) दख्खनच्या बेसाल्ट पठारावर असल्याने येथील खडी काळ्या पाषाणाची, टणक असते. घरांच्या स्लॅबसाठी रूढ असलेल्या एम-२० प्रतीचे (सिमेंट : वाळू : खडी) ढोबळ प्रमाण १ : १.५ : ३. खरी गफलत पाण्यात होते. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला साधारण २५ ते ३० लिटर पाणी पुरते. पण माल घमेल्यातून सहज घसरावा म्हणून मिक्सरमध्ये आणखी एक बादली ओतली जाते. जादा पाणी उडून गेल्यावर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. माल दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकू नये. व्हायब्रेटरने हवा काढावी, मात्र अति फिरवल्यास खडी तळाशी बसते.

सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते; म्हणून ओतकामानंतर ओलावा टिकवणे म्हणजेच क्युरिंग. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, खांबांना ओले गोणपाट गुंडाळतात. आयएस ४५६ : २००० नुसार साध्या सिमेंटला किमान ७, कोरड्या उष्ण हवेत १० दिवस ओलावा आवश्यक. पाणीटंचाईच्या गावांत नेमका याच पायरीत हात आखडता घेतला जातो.