येण्याचा आणि राहण्याचा परवाना : बुऱ्हाणपूर ते परदेश

बुऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की असीरगड, शाही किल्ला, कुंडी भंडारा आणि मुमताजमहल एवढी नावे आपल्या तोंडी येतात. पण आज ज्या कागदासाठी आपली मुले रात्र रात्र जागून फॉर्म भरतात, त्या कामाच्या व्हिसाचा एक जुना अवतार आपल्याच गावात लिहिला गेला होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

१६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे झाले. सुरतेला उतरलेला परदेशी माणूस आग्र्याकडे निघाला की तापीकाठचे हे शहर त्याला वाटेत लागे. इथल्या सुभेदाराची मर्जी आणि त्याचे पत्र मिळाले म्हणजे पुढची वाट सोपी होई.

विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये ‘हेक्टर’ जहाजाने सुरतेस आला. त्याच्याजवळ इंग्लंडच्या राजाचे पत्र होते आणि काम होते व्यापाराची परवानगी मिळवण्याचे. १६०९ च्या फेब्रुवारीत तो बुऱ्हाणपूरला खानखानान अब्दुर्रहीम यांना भेटला. हे खानखानान म्हणजेच आपण शाळेत ज्यांचे दोहे पाठ केले ते रहीम. दोघे तुर्की भाषेत बराच वेळ बोलले आणि हॉकिन्सला बादशहाच्या नावे शिफारसपत्र मिळाले. आग्र्यास जहांगीर त्याच्यावर इतका खूश झाला की त्याला चारशे स्वारांची मनसबच देऊ केली, आणि हॉकिन्सने ती स्वीकारली. इथेच घोटाळा झाला. माणूस आला कंपनीच्या व्यापारासाठी आणि लागला बादशहाच्या चाकरीला. दरबारात त्याच्या विरोधकांचे फावले, व्यापाराची परवानगी कधी मिळे तर कधी काढून घेतली जाई. १६११ च्या अखेरीस तो कायमचा परवाना न घेताच आग्र्याहून निघाला.

पुढे सर टॉमस रो आला. १६१५ च्या नोव्हेंबरात तो बुऱ्हाणपूरला पोहोचला तेव्हा शहजादा परवेझ इथे होता. दरबारात जमिनीला डोके टेकवण्यास रोने नकार दिला. मी वकील म्हणून आलो आहे, नोकर म्हणून नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. आपण कोणत्या नात्याने आलो आहोत हे त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. मग इंग्रजांना बुऱ्हाणपुरात वखार घालू द्यावी अशी मागणी त्याने केली. परवेझने ती मान्य केली आणि बक्षीला हुकूम लिहिण्यास सांगितले. रोच्या रोजनिशीप्रमाणे त्या हुकुमात दोन बाबी वेगवेगळ्या होत्या : इंग्रजांनी इथे येणे आणि इथे राहणे. येण्याची परवानगी म्हणजे राहण्याची नव्हे, हा फरक चारशे वर्षांपूर्वी आपल्या गावात कागदावर आला होता.

तरीही तो शहजाद्याचा कागद होता, बादशहाचा नव्हे. सर्व राज्यभर चालेल असा कायमचा करार रोला हवा होता. तीन वर्षे दरबारात राहूनही तो मिळाला नाही. शेवटी शहजादा खुर्रमकडून सुरतेपुरत्या सवलती घेऊन तो १६१९ मध्ये मायदेशी परतला. कागद कोणी दिला, कशासाठी दिला आणि तो कुठवर चालतो, या तीन प्रश्नांवर त्याचे सारे काम अडले.

पुढच्या काळात दिशा उलटली आणि आपली माणसे बाहेर जाऊ लागली. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेस गेल्या, तेव्हा समाजाचा विरोध त्यांना सोसावा लागला, पण आजच्यासारखा व्हिसा काढावा लागला नाही. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने मात्र हिंदुस्थानी माणसांना स्थायिक होण्याची दारे जवळजवळ बंद झाली. १९४६ मध्ये वर्षाला सुमारे शंभर जणांची फट उघडली आणि १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा गेल्यावर डॉक्टर-इंजिनीयर जाऊ लागले. इंग्लंडने १९६२ मध्ये कामासाठी येणाऱ्यांना तीन प्रकारची व्हाउचर दिली : ‘ए’ हातात ठरलेली नोकरी असणाऱ्याला, ‘बी’ अंगी मान्य कौशल्य असणाऱ्याला, ‘सी’ इतरांना. त्यातले ‘सी’ लवकरच बंद पडले. नोकरी आणि कौशल्य हे दोन रस्ते मात्र आजही बहुतेक देशांत तसेच आहेत.

आपल्या देशातही पासपोर्ट बराच काळ सरकारच्या मर्जीचा समजला जाई. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग खटल्यात परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने कामगारांच्या रक्षणाची सोय केली. दहावी न झालेला माणूस आखातातील व अन्य ठरावीक देशांत कामाला जाणार असेल तर त्याला सरकारची मंजुरी लागते. भरती करणारा एजंट नोंदणीकृत हवा आणि त्याने ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक घेऊ नये, असा नियम आहे.

आता आजची निवड. अमेरिकेचा एच-१बी १९९० च्या कायद्यातून आला. तो मालकाने अर्ज केल्यावरच मिळतो, वर्षाची मर्यादा ६५,००० आणि तिथल्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो. कंपनीनेच आपल्या तिथल्या शाखेत पाठवले तर एल-१ असतो. त्यावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. बी-१ हा बैठका-बोलणी यांसाठी आहे, पगारी नोकरीसाठी नाही. जर्मनीचे ब्लू कार्ड पदवी आणि ठराविक पगाराची नोकरी असणाऱ्यासाठी, तर २०२४ पासूनचे ‘संधी कार्ड’ नोकरी शोधायला जाणाऱ्यासाठी. जपानने २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा वर्ग उघडला. त्यात पदवी नव्हे, कौशल्याची आणि भाषेची परीक्षा लागते. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्या आपल्या मुलांनी हा रस्ता जरूर पाहावा.

सर्वांत मोठा धोका मात्र ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू’ या सल्ल्यात आहे. २०२२ मध्ये थायलंडात आयटीची नोकरी देतो असे सांगून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारात नेऊन डांबल्याचे उघडकीस आले आणि परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. चुकीच्या व्हिसावर काम करणाऱ्याचा पगार अडला तर तक्रार करायला तो कुठल्या तोंडाने जाणार? कारवाईची भीती आधी त्यालाच.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी पगाराचा आकडा विचारण्याआधी व्हिसाचा कागद मागून पाहावा. त्यावर कामाची परवानगी आहे का, कोणत्या मालकाकडे, किती दिवस, मालक बदलता येतो का, पती-पत्नीपैकी दुसऱ्याला काम करता येते का, हे वाचून घ्यावे. एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द त्या त्या देशाच्या दूतावासाचाच मानावा.

आपले पूर्वजही कधीतरी तापीच्या काठी आले आणि इथलेच झाले. आता पुढची पिढी याहून दूर जाईल. तिने जरूर जावे, नाव काढावे. पण परवेझच्या बक्षीने लिहिलेल्या त्या दोन बाबी, येणे आणि राहणे, आपल्या कागदावर आहेत की नाहीत हे पाहूनच बॅग भरावी.