कमानीपासून शॉकअपपर्यंत

पंढरपूरच्या यात्रेत मिळणारी रिमोटची गाडी उलटी करून पाहा. चाकाजवळ शॉकअपसारखी नळी दिसते, भोवती स्प्रिंगही असते; पण स्वस्त गाड्यांत त्या नळीच्या आत बहुधा काहीच नसतं. गाडी दाबून सोडली की नाचत राहते. पोरांना त्याचंच कौतुक. चंद्रभागेच्या वाळवंटात मात्र तीच उडी महागात पडते, कारण चाक हवेत असेपर्यंत गाडी वळत नाही.

त्या रिकाम्या नळीत खरं तर तेल हवं. ते का, याचं मूळ टांग्यात सापडतं. बैलगाडीला स्प्रिंग नव्हती, बैलाच्या चालीला ती लागतही नव्हती. घोडा दुडक्या चालीनं निघाला की बैठकीखाली कमान हवीच. 1906 साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरात पोचली. स्टेशनवरून देवळाकडे जाणारे टांगे पोलादी पाट्यांच्या अशा कमानींवर चालत. लंबगोल कमानीचं पेटंट इंग्लंडच्या ओबडाया इलियटनं त्याच्या शंभरेक वर्षं आधी घेतलं होतं. एकावर एक रचलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात धक्क्याचा जोर जिरतो. म्हणून टांग्याला वेगळा शॉकअप लागला नाही. कमानीचं हे दुहेरी काम मला फार मोलाचं वाटतं: भार तीच पेलते, उसळीही तीच आवरते.

मोटार आली, वेग वाढला, तेव्हा एवढं घर्षण पुरेना. फ्रान्सच्या त्रुफो यानं घर्षणाच्या चकत्या वापरल्या, अमेरिकेत हार्टफर्ड यानं त्या खपवल्या. पुढे तेलाचे शॉकअप आले. तेल बारीक भोकातून जितकं जोरात ढकलावं तितकं जास्त अडतं. वेटोळ्याच्या स्प्रिंगला स्वतःचं घर्षण जवळजवळ नसतं, तिला तर तेलाची साथ लागतेच.

खेळण्यातल्या गाड्याही याच वाटेनं गेल्या. जपानच्या तामिया कंपनीची पहिली रिमोट गाडी 1976 मध्ये आली आणि 1979 मध्ये मातीत, वाळूत पळणाऱ्या बग्ग्या. एकास दहा मापाच्या गाडीला 2 सेंटिमीटरचा खडा म्हणजे खऱ्या मोटारीला वीतभर दगड. अशा गाड्यांत स्प्रिंग आणि तेलाचा शॉकअप ही जोडी लवकरच रुळली.

स्प्रिंग भार पेलते, शॉकअप उसळी आवरतो. दोष शोधायचा तो याच वाटणीवरून. गाडी दाबून सोडा. वर येऊन दोन-तीनदा हलली, तर तेल कमी. दाबलेलीच राहिली, तर लगेच शॉकअपला दोष देऊ नका: आधी चारही शॉकअप काढा आणि आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा हलता दांडा, उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनानं खाली पडायला हवा. अडकला, तर पिन वाकलीय किंवा सांध्यात वाळू गेलीय. ही एक तपासणी सगळ्यात जास्त वेळ वाचवते, आणि लोक नेमकी तीच टाळतात.

आर्म मोकळा पडला, मग शॉकअप हातात घ्या. दांडी आतबाहेर करताना चुळकचुळक वाजलं, तर तेलात हवा शिरलीय. दांडी ओली दिसली, तर तेल अडवणारी रबरी ओ-रिंग गेलीय. ती बदलून सिलिकॉन तेलच भरा. इंजिन ऑइलनं काही रबरं फुगतात आणि दांडी पुन्हा अडकते. तेल एका बाजूचं बदललं, तर दुसऱ्याही बाजूला त्याच जाडीचं भरायचं, नाहीतर गाडी एका वळणावर चिकटून राहते आणि दुसऱ्यावर घसरते.